'अबाऊट'च्या पुढे 'इज' येत नाही

"खडू घे," मॅडम म्हणाल्या. "काय लिहिलंयस ते फळ्यावर लिहून दाखव."

समोर पहिल्या वर्षाची वीस-बावीस मुलं. पांढरे ॲप्रन. माझा ॲप्रन निळा. कॉलेज खारघरचं, खासगी. मी तिथे केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट, कॉन्ट्रॅक्टवर. मॅडम विभागप्रमुख. त्यांच्या हातात लॅबचं रजिस्टर होतं. त्यात आदल्या दिवशी मी एक ओळ लिहिली होती. तीच फळ्यावर लिहिली.

'आय ॲम इन्फॉर्मिंग टू यू अबाऊट एक्झॉस्ट फॅन इज नॉट वर्किंग.'

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग सगळेच.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. स्वतः हसत होत्या. "सांगा, काय चुकलंय?"

एक मुलगा म्हणाला, "मॅम, 'इन्फॉर्मिंग टू' नसतं." दुसरी म्हणाली, "'अबाऊट'च्या पुढे 'इज' येत नाही."

"बघ. बारावी पास होऊन आलेली मुलं आहेत ही. तू बीएस्सी आहेस." मग त्या मला शिकवायला लागल्या. अबाऊट, फॉर, विदाउट, बिफोर. यांच्यामागून नाम येतं. क्रियापद आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावायचं, म्हणजे ते नामासारखं वागतं. "म्हण. विदाउट वर्किंग. बिफोर वर्किंग."

मी म्हटलं. मुलांसमोर. तीन वेळा.

"आता काय म्हणायचं होतं ते मराठीत सांग."

मी म्हटलं, "मॅडम, पंखा बंद हाय. कोनी बघायलाच येत नाय."

"कोनी नाही, कोणी. हाय नाही, आहे. तुझं मराठीही धड नाही गं. मग येतं काय तुला?"

येत होतं. लॅबमध्ये काचेचं एक कपाट आहे. तीव्र ॲसिडची कामं त्याच्या आत करायची. वरचा पंखा धूर बाहेर ओढतो. तो बंद पडला होता. ॲसिडचा धूर छातीत गेला तर काय होतं ते मला येत होतं. पण ते कुणी विचारलं नाही.

मॅडमनी लाल पेन काढलं. रजिस्टरमधल्या ओळीतला 'टू' खोडला. 'इज' खोडलं. वर नीट अक्षरात दुरुस्ती केली. खाली सही, तारीख. रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि फळा पुसायला सांगितला.

पंख्याचं काय, ते राहिलंच.

मी बेलापूरच्या खाडीकडेच्या गावातली. आमच्याकडे णचा न होतो, आहेचं हाय होतं. आजाची भातशेती शहर वसवायला गेली. काहींना त्यातून प्लॉट मिळाले, चाळी उठल्या, गाड्या आल्या. आमच्या वाट्याला भाऊबंदांची भांडणं आली. बाप गेल्यावर आई बेलापूरच्या एका ऑफिसात झाडूपोछा करायची. त्यावर मी शिकले. दहावीपर्यंत मराठीत. कॉलेजात गेले आणि एका दिवसात सगळं इंग्रजी. पुस्तक पाठ केलं, पास झाले. बोलायला कुणी शिकवलं नाही.

त्या दिवसानंतर मी गप्प झाले. मेट्रोतून येता-जाता तोंडातल्या तोंडात विदाउट वर्किंग, बिफोर वर्किंग. मुलं मला 'अबाऊट इज' म्हणायला लागली. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी बाटल्या धुवायचे, लेबलं लावायचे. रजिस्टर उघडायची भीती वाटायची. पंखा बंदच होता, तरी मी दुसरी ओळ लिहिली नाही. पुन्हा फळ्यापाशी उभं राहायचं नव्हतं मला. यातला माझा वाटा हा एवढा. तो मी लपवत नाही.

तीन आठवड्यांनी तांबं आणि नायट्रिक ॲसिडचं प्रॅक्टिकल आलं. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. तोंडीच सांगितलं, "मॅडम, पंखा बंद आहे. आज नको." 'आहे' म्हटलं. नीट.

"पोर्शन मागे पडलाय. खिडक्या उघड, होईल."

बाटली मीच काढून दिली.

तांब्यावर ॲसिड पडलं की तपकिरी धूर उठतो. तो कपाटात मावला नाही, बाहेर आला. सगळ्यात पुढे श्रेया नावाची मुलगी होती. आधी खोकली. मग तिला श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे. मी तिला उचलून व्हरांड्यात नेलं. तिने माझा ॲप्रन मुठीत धरला होता, तो अँब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही. दोन दिवस ती ऑक्सिजनवर होती. वाचली.

तिचे वडील कॉलेजात आले. ओरडले. वकिलाचं नाव काढलं. मग कॉलेजला एक माणूस हवा झाला.

प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. मॅडम शेजारी बसल्या होत्या. टेबलावर छापलेला कागद. मला खुर्ची दिली. त्या ऑफिसात मला पहिल्यांदाच कुणी बस म्हटलं.

"फॉर्मॅलिटी आहे," सर म्हणाले. "सही कर, विषय संपेल. नोकरी जाणार नाही."

मी वाचायला लागले.

"एवढं वाचायला काय लागतं?" मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "उद्या देते." कागद घेतला आणि निघाले.

संध्याकाळी घरी आई जवळा निवडत होती. मी ओटीवर बसून कागद पुन्हा वाचला. डिक्शनरी घेऊन. 'डिस्पाइट बीइंग टोल्ड रिपीटेडली, आय पर्सिस्टेड इन नॉट रिपोर्टिंग द फॉल्ट.' पुढे, 'आय अपॉलजाइज फॉर एन्डेंजरिंग द स्टुडंट्स बाय नॉट फॉलोइंग सेफ्टी रूल्स.' इंग्रजीत एक चूक नव्हती. फॉरच्या पुढे आयएनजी. इनच्या पुढे आयएनजी. बायच्या पुढेही.

आईने विचारलं, "काय लिवलाय?"

मी सांगितलं, "वारंवार सांगूनही मी बिघाड कळवला नाही."

आईचा हात थांबला. "सांगितला कुनी?"

"काय?"

"सांगूनही म्हनतान ना? मंग कुनी सांगितला? त्यांनी तुला, का तू त्यांना?"

"मी."

"मंग तुजा नाव कुठं हाय त्यात?"

मी कागदात शोधलं. नव्हतं. बीइंग टोल्ड. कुणी सांगितलं, ते नाही. कुणाला, ते वाचणाऱ्याने धरून चालायचं. सांगणं होतं, सांगणारा नव्हता. मराठीतही ती सोय आहेच. 'सांगूनही' म्हटलं की माणूस गायब. पंखा बंद ठेवणारा नाही, 'होईल' म्हणणारा नाही. अख्ख्या कागदात माणूस एकच. आय. म्हणजे मी.

मला वाटत होतं मॅडमनी मला व्याकरण शिकवलं. ते कशाला वापरतात, ते आईने सांगितलं. तिला वाचता येत नाही.

"तुज्या आज्याला पन कागुद वाचून नाय दावला कुनी," ती म्हणाली. "अंगठा घेतला नि गेलं." आणि पुन्हा जवळा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेले. कुणी बस म्हटलं नाही. उभ्यानेच बोलले.

"मी सही करनार नाय."

करनार. मुद्दाम नाही. तसंच तोंडातून आलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

"मी बिघाड कळवला होता. ही ओळ माझी. हे लाल पेन मॅडमचं. ही त्यांची सही, ही तारीख. माझं इंग्रजी चुकीचं आहे. पण काय म्हणायचंय ते कळल्याशिवाय ते दुरुस्त करता येतं का, सर?"

मॅडम म्हणाल्या, "ही माझ्याशी कोणत्या टोनमध्ये बोलतेय?"

सरांनी रजिस्टर मिटून ड्रॉवरमध्ये टाकलं. "तू जा."

मी त्या पानाचा फोटो आधीच काढला होता. तो श्रेयाच्या वडिलांना पाठवला. त्यांनी आभार मानले नाहीत. कॉलेजशी त्यांचं काय ठरलं ते मला कधी कळलं नाही. पंखा दोन दिवसांत दुरुस्त झाला. मॅडम आहेत, अजून शिकवतात. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपलं. पुन्हा दिलं नाही. कारण लिहिलेलं नव्हतं.

आता मी जुईनगरला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये आहे. इंग्रजी शिकतेय. रोज एक तास, व्याकरणाचं जुनं पुस्तक घेऊन. मॅडमसारखं बोलता यावं म्हणून नाही. माझ्यावर लिहिलेलं मला दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही, म्हणून.

गेल्या आठवड्यात इथला सॅम्पल ठेवायचा फ्रिज बिघडला. मॅनेजर म्हणाले, "चालवून घे." मी वही उघडली आणि लिहिलं, 'आय टोल्ड मॅनेजर सर टुडे मॉर्निंग फ्रिज इज नॉट कूलिंग. ही सेड यूज इट.' त्यांनी वाचलं. कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "हे काय इंग्रजी आहे? आणि माझं नाव कशाला त्यात?"

मी म्हटलं, "इंग्रजी तुम्ही दुरुस्त करा, सर. नाव राहू दे."