पाठवणीची रशियन धून

भालकीच्या बसस्टँडमागे हरिबाचं बँडचं दुकान आहे आणि त्याच्या समोर माझं शिलाईचं. त्याच्या बँडवाल्यांचे लाल कोट मीच शिवतो, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे. क्लॅरनेट वाजवावं तर त्यानंच. बाकी माणूस हट्टी, कुणाला चहा पाजणार नाही, आणि नवी धून कानावर पडली की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून तीच घोळवत बसणार.

आमच्या गल्लीतली अंबिका रशियात डॉक्टरकी शिकते. त्या शहरात ग्लेब सोश्निन नावाचा संगीतकार राहतो. त्याच्या कार्यक्रमातली एक धून तिनं हरिबाला फोनवर पाठवली, कारण त्यात क्लॅरनेट होतं. हरिबा वेडाच झाला. एका लग्नात नवरी जीपमध्ये बसताना त्यानं ती वाजवली आणि दोन्हीकडचे पाव्हणे ढसाढसा रडले. झालं! औरादपासून आळंदपर्यंत ज्याच्या घरी लग्न, त्याला पाठवणीला रशियाची धून पाहिजेच. ती वाजल्याशिवाय लेक निघाली तर अपशकुन, असंही बायका म्हणू लागल्या. आपल्याकडे रीत पडायला वेळ लागतो कुठे?

मग सुट्टीला अंबिका आली. माझ्या दुकानात बसली होती, तर हरिबा धावतच आला.

"तो तुझा सोश्निन कसा हाय? अजून काय काय केलाय त्यानं?"

तिनं सगळं सांगितलं. रेल्वेतल्या कामगाराचा पोरगा, लहानपणी गावच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा. पुढं सिम्फनी लिहिल्या, ऑपेरा लिहिले, चर्चच्या घंटांसाठीसुद्धा लिहिलं.

"पण लोक तेवढी एकच धून मागायलेत, काका. त्याला नको वाटतंय, तरी वाजवावी लागती."

"कामून नको वाटतंय?"

"एकुलती एक लेक वारली त्याची. तिला घरातून नेलं, तवाची धून हाय ती."

"म्हंजे मयताची?"

"व्हय. तुमी लग्नात वाजवायलाव, हे मला म्हाईतच न्हवतं."

मीच हरिबाला म्हणालो, गप राहा, बोललास तर घरोघरी लेकींच्या नावानं घोर लागेल. तो गप राहिला. ओठ सुजलाय, क्लॅरनेट बिघडलंय, अशी कारणं सांगून पाहिली, पण मुलीचे बाप हातापाया पडायचे. मग वाजवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुठलं तरी निमित्त काढून विचारायचा, "लेक बरी हाय न्हवं?" ते बघून मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

यंदा त्याच्या लेकीचं, रेणुकाचं लग्न झालं. पाठवणीला जुनीच एक धून वाजवायची, असं त्यानं ठरवलं होतं. ती ऐकताच वरमाय, औरादच्या निलम्मा, जीपमधून खाली उतरल्या.

"दुनियेच्या लेकी त्या धुनेवर घालवलाव, अन् आमच्या सुनंलाच कामून न्हाई? ती वाजल्याबिगर मी तिला नेणार न्हाई."

"अप्पा, वाजवा की," रेणुका म्हणाली. "मला बी तीच पायजे."

हरिबानं माझ्याकडं बघितलं. मांडवात त्याच धुनेवर सासरी गेलेल्या कितीतरी पोरी लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. खरं बोलावं तर त्यांच्या पायाखालची जमीन जाणार. न बोलावं तर स्वतःच्या लेकीवर मयताची धून वाजवायची. त्यानं क्लॅरनेट तोंडाला लावलं.

इतकं सुंदर त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं. मला तर ऐकवेना.

पाव्हणे पांगले तरी तो मांडवातच बसून राहिला, फोन मांडीवर ठेवून. बायको चंद्रम्मा जेवायला बोलावून दमली. दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला.

"अप्पा, पोचलाव आमी. सासूबाई म्हणायल्यात, असं कुणाच्याच पाठवणीला वाजलं न्हाई."

"व्हय," हरिबा म्हणाला. फोन ठेवून त्यानं माझा हात घट्ट धरला.

"आज तर पोचली," तो म्हणाला. "आता उद्या?"