आमची द्राक्ष लाइन

माझी मावशी नागपूरची. तिथे मेट्रो सुरू झाल्यापासून तिचा फोन आला की आधी ऑरेंज लाइन, मग अ‍ॅक्वा लाइन, आणि वेळ उरलाच तर तब्येत. आई तिची थोरली बहीण. धाकटीने वरचढ व्हावं हे तिला परकरातल्या दिवसांपासून खपत नाही.

नाशिकच्या मेट्रोचा नकाशा पेपरात आला, तेव्हा आईने तो कापून फ्रिजवर चिकटवला आणि बारसंही उरकून टाकलं. त्यांची संत्री, तर आपली द्राक्षं. द्राक्ष लाइन, रंग पोपटी.

बाबा देवळ्याचे. ते म्हणाले, "कांदा लाइन ठेवा. रंग लय भारी हाय."

"म्हणजे तिकीट काढतानाच लोकांनी रडायचं?" आईने विचारलं.

मेट्रो काही आली नाही. नकाशा पिवळा पडला. फोनवर मात्र आईची द्राक्ष लाइन कधीच धावू लागली होती, तीही एसी.

मग कळवणच्या एका लग्नासाठी निघालेली मावशी आधी आमच्याकडे उतरली. चहा होतोय न होतोय तोच बाबांनी काडी लावली, "अगं, ने की तिला द्राक्ष लाइनने पंचवटीला!"

मावशी उठून गॅलरीत गेली. "खांब दिसत नाहीत कुठे?"

"जमिनीखालून जाते," बाबा पेपराआडून म्हणाले.

माझ्या नाकात चहा गेला. पण आईकडे पाहिलं आणि हसू आवरलं. धाकटीपुढे खोटं पडणं तिच्या जिवावर आलं होतं. मला तिची खरंच कीव आली.

"नाहीये गं मेट्रो," आई कपात बघत म्हणाली. "नुसता नकाशा आला होता."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "सुटले बाई! तू आग्रह करशील म्हणून सकाळपासून धास्तावले होते. तो सरकता जिना पाहिला की माझे पाय लटपटतात, ताई. नागपुरातही एकदासुद्धा बसले नाही मी."

मग दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पंचवटीला रिक्षाने गेल्या.

परवा मावशीच्या सुनेचा मला फोन आला. "भाऊजी, सासूबाई अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटल्यात की तुमच्या द्राक्ष लाइनला साधे जिने आहेत, म्हणून त्या मनसोक्त फिरल्या. खरं का हो?"

आई शेजारीच लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"खरंय," मी म्हणालो. "फक्त कांदा लाइन अजून व्हायचीय."