ऑपरेटरच्या डिरेक्टरीतली फाईल

जून १९९३, सोमवार. पनवेलच्या कारखान्याचं ऑफिस. हजर: साहेब, उरणहून येणारा आमचा ऑपरेटर आणि संगणक विभाग सांभाळणारी मी.

सकाळच्या तपासणीत मला ऑपरेटरच्या डिरेक्टरीत एक छोटी फाईल सापडली. ती चालवली की पासवर्ड न विचारता माणूस रूट होई, म्हणजे आमच्या युनिक्स संगणकावरचे सगळे अधिकार त्याच्या हाती येत. मी लगेच साहेबांना कळवलं.

"रूटचा पासवर्ड तुला कोणी दिला?" साहेबांनी त्याला विचारलं.

"कोणी नाय, साहेब. मॅडम रजेवर असल्या की प्रिंटर अडकतो, रूटशिवाय सुटत नाय, आन् तुमी माझ्यावर ओरडता. म्हणून करून ठेवली."

"पासवर्डशिवाय कशी केलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला आठवलं. गेल्या आठवड्यात मी रूटमधून लॉगआऊट न करताच डबा खायला गेले होते; त्या उघड्या टर्मिनलवर अशी फाईल पासवर्डशिवाय करता येते. हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली.

त्या संध्याकाळी मी वहीत चार कामं लिहिली. फाईल काढणं, पासवर्ड बदलणं, बाकीच्यांच्या डिरेक्टरी तपासणं, या तिन्हींपुढे खूण आहे. टर्मिनल मी उघडं ठेवलं होतं हे साहेबांना सांगणं, एवढं चौथं अजून बाकी आहे.