रंग थांबवायची वेळ

नागपुरात समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जळजळ समुद्रातल्या एका काटेरी प्राण्यावरून झाली. सी-अर्चिन त्याचं नाव. जिवंत तर तो आम्ही दोघींनी पाहिलाही नव्हता. किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून त्याचे भ्रूण अल्कोहोलच्या बाटलीत कुरिअरने यायचे, खसखशीहूनही बारीक, आणि आमच्या पीएचडीच्या मॅडम ती बाटली उजेडात धरून म्हणायच्या, "आला गं तुमचा समुद्र."

दोघी म्हणजे मी, नागपुरातल्याच नंदनवन भागातली, आणि ती, पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. एकाच वर्षी मॅडमकडे लागलो. मी जळायचे तिच्यावर. उगाच गोड कशाला बोलू? तिच्या आईने पाठवलेली सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, निम्मी मीच खायचे आणि खाता खाता जळायचे.

पुस्तकं माझी पाठ होती. कुठला जीन कुठल्या जीनला चालू करतो, तो भिंतीएवढा तक्ता मी डोळे मिटून काढून दाखवला असता. तिला तो धड वाचताही यायचा नाही. पण एका दुपारी तिने तोंड उघडलं. "मॅडम, साऱ्या पेशींत डीएनए एकच आहे ना, मंग खालच्या त्या चार बारक्या पेशींचीच पिल्लं काहून हाडं बनवतात? बाकीच्या काहून गप बसून राहतात?" मॅडम खुर्चीसकट तिच्याकडे वळल्या आणि पुढचा अर्धा तास फक्त तिच्याशी बोलल्या. अहो, उत्तर मला येत होतं! त्या पेशींत हाडाचे जीन चालू होतात, बाकीच्यांत बंदच राहतात, इतकं साधं. पण प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते मला फार झोंबलं.

त्यातून तिचा हात. भ्रूण धुताना माझे निम्मे पाण्याबरोबर वाहून जायचे, तिचा एक हरवेल तर शपथ. "हात बसलाय हिचा," मॅडम म्हणायच्या. मी शेजारी उभी राहून हसायचे. दातओठ खात हसता येतं, हे मी तिथे शिकले.

मग किनाऱ्यावरून निरोप आला की एका मुलीला सहा महिने तिकडे काम करता येईल. जिवंत अर्चिन, डोळ्यांदेखत फुटणारी अंडी. मॅडमनी सरळ सांगून टाकलं की हाडाच्या जीनचं चित्र जिचं स्वच्छ येईल ती जाईल.

ते काम असं असतं. ज्या पेशीत तो जीन चालू असेल, तिथेच जांभळा रंग चढतो, हळूहळू, झाकून ठेवलेल्या डिशमध्ये. नेमक्या वेळी धुऊन थांबवला तर तळाशी जांभळ्या पेशींचं कडं आणि बाकी भ्रूण साफ. उशीर झाला की अख्खा भ्रूण जांभळा, चालू काय आणि बंद काय, काही कळत नाही. घड्याळ लावून ते होत नाही. दर थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बघत बसावं लागतं.

त्या दिवशी माझ्या डिशमध्ये रंग आधी घातला, तिच्यात तासाभराने. दुपारी आईचा फोन आला, तिची गाडी आमच्या विभागाच्या फाटकाशीच बंद पडली होती. मी धावत खाली गेले. मेकॅनिक मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. वर येऊन बघते तर माझी डिश धुऊन, थांबवून, बाजूला ठेवलेली.

"तुही झाली होती वं," ती म्हणाली. "मीच थांबवली. अजून जराशी राहिली असती त सारी बिघडली असती."

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हिने मुद्दाम लवकर थांबवली, माझा रंग फिका यावा म्हणून. "कोणी सांगितलं होतं तुले हात लावायले?" मी ओरडले. रागात आले की माझी घरचीच बोली बाहेर पडते. ती आपल्या डिशकडे वळली. मी फुरंगटून डिशकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने तिला ऑफिसातून सहीसाठी बोलावणं आलं. दारातून वळून म्हणाली, "माही डिश पाहत राहशील ना? झाली त थांबवून देजो."

"हो," मी म्हणाले.

पाहिली मी. पहिल्यांदा फिकट होती. दुसऱ्यांदा बघितलं तर तळाशी नुसतं कडं उमटलेलं, बाकी सगळं साफ. इतकं सुंदर की मला रडू आलं. धुवायची बाटली माझ्या कोपराशीच होती. मी डिशवर झाकण ठेवलं आणि मनात म्हटलं, मी नाही बाई लावत हात, कुणाच्या कामात हात घालू नये. मग तिथेच बसून राहिले.

ती आली तेव्हा सगळे भ्रूण गर्द जांभळे झाले होते. ती मायक्रोस्कोपवर वाकून फार वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले समजलं नसंल."

"हो ना," मी म्हणाले. "अंदाजच नाही आला."

मग मी माझी डिश मायक्रोस्कोपखाली घेतली. रंग फिका नव्हता. अगदी तंतोतंत कडं. मॅडम वाकून बघत राहिल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "बसला गं तुझाही हात!" किनाऱ्यावर मी गेले. निघताना तिने डब्यात सांबारवडी दिली, या वेळी सगळीच्या सगळी.

ती आता सावनेरला कॉलेजात शिकवते. तिच्या वर्गातल्या मुली म्हणे मास्तरांना भंडावून सोडतील इतके प्रश्न विचारतात. ऐकलं की अजूनही जळते मी. त्या दुपारबद्दल तिने मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडून तरी मोकळी झाले असते. माझ्या कपाटात ती जुनी वही आहे. माझ्या डिशच्या ओळीत 'थांबवले, १.४०' असं लिहिलंय. अक्षर तिचं.

त्या डिशचं चित्र आमच्या विभागाच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावलंय, खाली माझं नाव. आता मीच तिथे शिकवते. परवा माझी एक नवी विद्यार्थिनी त्याच्यासमोर उभी राहून मला म्हणाली, "मॅडम, नेमकं केव्हा थांबवायचं, ते तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज येतो," मी म्हणाले.