बर्फावरच्या हरणाचा तपास

पोलिसातल्या नोकरीत तपासलेल्या बऱ्याच गुन्ह्यांवर मी लिहिलं. ही एक हकीकत मात्र वर्षानुवर्षं टाळत आलो, कारण ती निवृत्तीनंतरची आहे आणि तपास करायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मुलगी जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या एका गावात राहते. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो. एका सकाळी घरामागच्या गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर एक हरीण पाय फाकून बसलेलं दिसलं. खूर घसरत होते, उठता येत नव्हतं. गावचं अग्निशमन दल आलं. हे दल गावकरीच बिनपगारी चालवतात. पथकप्रमुखाने काठावरचा बर्फ ठोकून पाहिला आणि मान हलवली. बर्फ पातळ आहे, जनावरासाठी माणूस आत पाठवणार नाही. जमलेले लोक कुरकुरले. आमच्या शेजारचा पुण्याचा इंजिनिअरही दलात होता. तो खाली मान घालून गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी हरीण नव्हतं. काठाजवळ बर्फ फुटला होता आणि रक्ताचे थेंब पडले होते.

खबर लागली ती शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मुलीने वाचून दाखवली. "बाबा, काल संध्याकाळी आपल्या शेजारच्या इंजिनिअरला गाडीत शिडी टाकताना कुणीतरी पाहिलंय. हरीण मारून डिकीतून नेलं म्हणतायत."

रानातलं जनावर असं उचलणं इथे गुन्हा आहे. मी त्याच्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे एक पँट वाळत घातली होती, गोठून फळीसारखी ताठ. माझा संशय पक्का झाला.

ठाण्यात मी कधी कुणावर हात उचलला नाही. समोर चहा ठेवायचा आणि गप्प बसायचं, एवढीच माझी पद्धत. शांतता माणसाला सोसत नाही, ती भरायला तो बोलू लागतो. मी इंजिनिअरला चहाला बोलावलं.

"काका, आलं घातलंय की आल्यात चहा घातलाय?" तो हसला.

"पँट वाळली का रे?" एवढंच विचारलं आणि थांबलो.

त्याने कप दोन्ही हातांत धरला. तळव्यांवर दोराचे वळ होते.

"शिडी आडवी टाकून गेलो, काका. दोर बांधून ओढत आणलं. पाय खरचटले होते बिचाऱ्याचे. काठाशी बर्फ फुटला, मी कमरेपर्यंत आत. ते मात्र झाडीत पळालं."

"मग ग्रुपवर सांग ना तसं."

"हुकूम मोडलाय, दलातून काढतील. ऑफिसात मी अजून 'तो इंडियन' आहे. दलात मला नावाने हाक मारतात. चोर म्हणू देत लोकांना. तुम्ही कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो.

पुढे तळ्याकाठी पथकप्रमुख भेटला. मी मुलीला सगळं जर्मनमध्ये सांगायला लावलं. "बाबा, नक्की सांगू?" तिने विचारलं. मी म्हणालो, सांग.

प्रमुखाने पूर्ण ऐकून घेतलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तो बुडाला असता तर त्याच्यामागे मला माझी माणसं उतरवावी लागली असती. हरीण वाचलं, आनंद आहे. पण हा माणूस मला चालणार नाही."

त्याच आठवड्यात इंजिनिअरने हेल्मेट परत केलं.

प्रमुख बरोबर होता. हुकूम मोडणारा शिपाई मीही ठेवला नसता. पण हरणाकडे पाठ फिरवणं ज्याला जमलं नाही, त्यालाही मला दोष देववत नाही. त्याच्यावरचा चोरीचा डाग पुसायला मी बोललो, असं घरात सांगत आलो. ते खोटं आहे. मला उकल सापडली होती आणि ती ऐकवायला कुणीतरी हवं होतं. कबुली मिळाली की तपास संपला, असं मी आयुष्यभर मानलं. ती कुणाच्या विश्वासावर मिळाली, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

वसंतात तो फ्रँकफर्टला निघाला. सामान भरत होता, तीच शिडी हातात होती. काय बोलायचं ते जिन्यात मनाशी घोकत मी खाली उतरलो होतो.

"जाताना चहा तरी घेऊन जा," मी म्हणालो.

तो वाकून पाया पडला. "नको, काका. तुमचा चहा महाग पडतो."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा." जे म्हणायला आलो होतो, ते घेऊन तसाच जिना चढलो.