मनकर्णाचा न फिटलेला नवस

देवाजीने नलूचा हात पिरगाळला तेव्हा कडकन आवाज झाला. मनकर्णाला वाटले, चुलीपाशी तुराटी मोडली. वळून पाहते तो पोरीचा हात कोपराखाली भलतीकडेच लोंबत होता आणि तिला रडूसुद्धा फुटत नव्हते. आठ वर्षांचे लेकरू. चूक म्हणाल तर एवढीच, की बापाची बाटली भिंतीकडे सरकवताना हातून निसटली आणि मोहाची दारू सारवलेल्या जमिनीत जिरून गेली.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. हाड सांधले, पण हात जरासा वाकडा राहिला तो राहिलाच.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. देवाजी साकोलीकडचा शेतकरी गडी, इथे येऊन खलाशी झालेला. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. लोखंडाचे टोलेजंग खांब दोरखंडांनी आणि क्रेनने वर चढवून जागेवर बसवायचे, हे त्याचे काम. साठ-सत्तर फुटांवर हातभर रुंद तुळईवरून तो अंगणात चालल्यासारखा चाले. सोमवार ते शनिवार त्याच्यासारखा माणूस नाही. येताना लेकरांना शेंगदाणे आणील, धाकट्या कवडूला खांद्यावर घेऊन रुआबांध्याच्या मजूरवस्तीत फिरवील. शनिवारी संध्याकाळी काम सुटले की पाय गुत्त्याकडे वळायचे. मग सोमवार उजाडेपर्यंत जे हाती लागेल ते फेकायचा आणि जो हाती लागेल त्याला तुडवायचा. मनकर्णाला डाव्या कानाने कमी ऐकू येई ते त्यातूनच. ते तिने पोटात घातले होते. दारू मारते, माणूस मारत नाही, असे ती स्वतःला सांगायची.

नलूच्या हातानंतर मात्र तिची झोप उडाली. कवडू चार वर्षांचा होता. पुढची पाळी कोणाची, हे तिला दिसत होते.

शेजारची ठकूबाई तुमसरकडची, तोंडाने फटकळ. एक दिवस नळावर ती म्हणाली, "ऐतवारी घरातच काहून बसते वं तू? घेऊन जाय ना पोट्ट्यायले कोठीबी."

"अन् जाऊ देतीन का थे?"

"तुयासाठी नाही जाऊ देनार. देवीसाठी देईन."

ठकूबाई बोलून गेली ते खरे होते. दोन महिन्यांआधी देवाजीच्या गँगमधला एक जण त्याच्या डोळ्यांदेखत तुळईवरून घसरला होता. खाली सळ्या होत्या. तेव्हापासून देवाजी देवीचे नाव घेतल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नसे. दारू प्यालेला असला तरी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसत नसे.

सोमवारी संध्याकाळी, तो शुद्धीवर असताना, मनकर्णाने ताटात भाकर वाढली आणि खाली मान घालून सांगितले, "डोंगरीवरची मावली सपनात आली होती."

"काय म्हणे?" त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणे, तुया नवऱ्याचा पाय वरतून घसरनार हाय. टाळाचं असन त अकरा शनवार लेकरं घेऊन माया पायाशी झोपाले ये. अनवानी. बिनमिठाच्या उपासानं."

"मीबी येऊ का?"

"मले अन् लेकरायलेच बोलावलं."

देवाजीने ताटाबाहेर पाणी सोडले आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी मनकर्णा न्हाऊन देव्हाऱ्यापुढे बसली, तेव्हा तिची दिवा लावायची हिंमत होईना. जन्मात पहिल्यांदा ती देवीच्या नावाने खोटे बोलली होती. "लेकरं वाचू दे, मंग माया काय कराचं थे कर," असे म्हणून तिने काडी ओढली.

तेव्हापासून शनिवारी दुपारी ती दुर्गवरून पॅसेंजर धरायची. राजनांदगावच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर उतरायचे, चार मैल चालायचे, मग डोंगरी चढायची. पाठीवर जुन्या लुगड्याची झोळी, तिच्यात गोधडी, तांदूळ आणि भात शिजवायचा गंज. कवडू थकला की तोही त्याच झोळीत. नलूच्या पाठीला तिचे स्वतःचे गाठोडे असे, त्यात डाळ, मिठाची पुडी, आगपेटी. उपास मनकर्णाचा होता, लेकरांचा नव्हता. कवडूच्या कमरेला पाण्याचा लोटा बांधलेला, तो चालताना मांडीवर आपटे आणि ते त्याला फार आवडे.

वर एका झुकलेल्या कातळाखाली मावलीचा शेंदूर लावलेला दगड होता. तिथेच पाल्यावर गोधडी टाकायची. नलूने झऱ्याचे पाणी गाळून आणायचे, कवडूने काटक्या. तीन गोटे मांडले की चूल झाली. रविवारभर लेकरे बोरे वेचत, वानरांना हाका मारत, कातळावरून घसरगुंडी करत. नलू घरी पाऊल वाजू न देता चालायची. इथे ती ओरडायची, आणि आपला आवाज डोंगरातून परत आला की पुन्हा ओरडायची. सूर्य कलला की उतरून गाडी धरायची. घरी पोचेपर्यंत देवाजी पिऊन आडवा झालेला असे. सोमवारी पुन्हा तो शेंगदाणे आणायचा.

शनिवार सरत गेले तशी मनकर्णा उरलेले मोजू लागली. अकरा झाले की पुढे काय? दहाव्या शनिवारी वर पोचल्यावर तिने नलूचे गाठोडे उघडले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले आणि गिळले. कवडू पाहत होता. तिने त्याला गुळाचा खडा दिला आणि सांगितले, "कोनाले सांगाचं नाही."

घरी येऊन ती देवाजीपुढे रडली. ते रडणे खोटे नव्हते. गाडीत चुकून खारे फुटाणे तोंडात टाकले, उपास मोडला, असे तिने सांगितले. देवाजीचाच चेहरा उतरला. "मंग पयलेपासून कर," तो म्हणाला. "नवसात खोट नको."

अशी दुसऱ्यांदा मोजणी सुरू झाली. त्या माघात कारखान्याची पहिली भट्टी पेटली, फाल्गुनात मोहाची फुले पडू लागली, आणि दुसरा दहावा शनिवार आला.

आदल्या संध्याकाळी कवडू बापाच्या मांडीवर बसून बोटे मोजत होता. "उद्या दहावा," तो म्हणाला. "उद्या माय मीठ खाईन, अन् मले गूळ भेटंन."

मनकर्णा तेव्हा नळावर होती. तिला हे काहीच माहीत नव्हते.

शनिवारी दुपारी ती निघाली, तर देवाजी धुतलेला सदरा घालून दारात उभा. "सुट्टी टाकली आज," तो म्हणाला. "मीबी येतो. दुरून दर्शन घेतलं त मावली काही रागावनार नाही."

वाटभर तो गोडच होता. झोळी त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली, कवडूला खांद्यावर. चढावर नलूला हात देऊ लागला, तर नलूने वाकडा हात पाठीमागे नेला. तो हसला. मनकर्णाला वाटले, देवीने खरेच याचे मन पालटले की काय. त्या दिवशी तिने मिठाची पुडी उघडली नाही.

रविवारी सकाळी तिने चूल पेटवून तांदूळ शिजायला ठेवले. देवाजी झऱ्यावर आंघोळ करून आला, मावलीपुढे डोके टेकले. मग त्याने नलूचे गाठोडे सोडले, मिठाची पुडी काढली आणि पळसाच्या पानावर मनकर्णापुढे ओतली.

"खा."

"उपास हाय माया."

"मांगच्या दहाव्या शनवारी नव्हता?"

मनकर्णाने कवडूकडे पाहिले. "मी एकट्या बाबालेच सांगतलं," कवडू बारीक आवाजात म्हणाला.

"पाच महिने," देवाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पाच महिने मी वरत चढताना हात जोडून राहिलो. पाय घसरंन म्हनून माये गुडघे कापत होते, गँगवाले हासत होते. अन् तू अठी मीठ चाटून राहिली."

तो जवळ आला. तोंडाला दारूचा वास नव्हता. डोळे स्वच्छ होते. मनकर्णाला घाम फुटला तो त्या डोळ्यांनी. इतकी वर्षे ती ज्या दारूवर सगळे ढकलत आली, ती दारू इथे कुठेच नव्हती.

त्याने तिचा बुचडा धरून डोके मागे ओढले आणि मूठभर मीठ तोंडात कोंबले. ओठ फाटला. तिला ठसका लागला तशी त्याने कानाखाली मारली, ती पडली, आणि मग लाथा. दर लाथेला तो मोजत होता, एक शनवार, दोन शनवार. नलू धावत येऊन त्याच्या पायाला बिलगली. त्याने पाय झटकला. पोर कातळावर आपटली आणि कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरले.

"पोरीले नका मारू, मले मारा," मनकर्णा म्हणाली. हे ती नेहमीच म्हणत आलेली होती.

देवाजी थांबला. आणि त्याने कवडूला उचलले.

वीसेक पावलांवर कातळ संपत होता. खाली तीन पुरुष खोल घसरण, नुसते धोंडे आणि काटेरी झुडपे. देवाजी कडेला जाऊन उभा राहिला. उंचीवर त्याला भय नव्हतेच. त्याने कवडूला एका दंडाला धरून कड्याबाहेर लोंबते केले, क्रेनखाली ओझे लोंबते तसे.

"मावलीले तुया लेकरायची लई हौस ना? देतो एक."

तो सोडणार होता की नुसता भिववत होता, हे कोणालाच सांगता येणार नाही. मनकर्णाही पुढे कधी त्यावर बोलली नाही. तिने चुलीतला गोटा दोन्ही हातांनी उचलला. गंज कलंडला, भात राखेत सांडला. तळहातांचे कातडे चरचरले ते तिला कळलेही नाही. पावलांच्या आवाजाने देवाजी आत वळला, कवडूही त्याच्यासोबत आतल्या बाजूला आला, आणि त्याच क्षणी गोटा देवाजीच्या कानशिलावर बसला.

त्याची मूठ सुटली. कवडू कातळावर पडला आणि रांगत बहिणीकडे गेला.

दुसरा घाव घालायची गरज नव्हती. तो मनकर्णाने घातला, गुडघ्यावर. देवाजी मागे कलला, हात हवेत फिरले, आणि तो खाली गेला. धोंड्यांवर आपटत जाण्याचा आवाज बराच वेळ आला. मग त्याचे विव्हळणे.

ती कडेला जाऊन पाहून आली. पाय गुडघ्याखाली दुमडला होता, पण माणूस जिवंत होता, तिच्या नावाने हाका मारत होता. ती परत फिरली. नलूचे कपाळ धुऊन तिने पदराची चिंधी बांधली. गंजात तळाशी भात उरला होता, तो दोघांना भरवला. कवडूने सगळा खाल्ला. मग झोळी पाठीला लावून, लेकरांना पुढे घालून ती खाली गावात माणसे बोलवायला गेली.

गावकऱ्यांनी देवाजीला खाटेवर घालून स्टेशनपर्यंत नेले.

पायाला पलस्तर घालून देवाजी घरी आला, तेव्हा पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला तो तेच सांगे. नवसात खोट झाली, मावलीने ढकलून दिले. त्याला खरेच आठवत नव्हते, की बायकोच्या हातचा मार सांगायची लाज वाटत होती, ते त्यालाच ठाऊक. लोकांना मात्र पटले. आयाबाया मनकर्णाच्या पाया पडू लागल्या. सपनात येऊन देवीने बजावले होते, आणि झालेही तसेच. एकीने तर खणा-नारळाने ओटी भरली. मनकर्णा चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी ती घेऊन बसली होती, आणि तिला देव्हाऱ्याकडे पाहवत नव्हते.

एका संध्याकाळी ठकूबाई आणि गँगमधले गुलाबराव बसले होते. देवाजीने पुन्हा सुरुवात केली, "मावलीनं असं ढकललं मले, गुलाबराव..."

"मावलीनं नाही ढकललं," मनकर्णा म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मी मारलं. चुलीचा गोटा होता. पयले डोक्यावर, मंग गुडघ्यावर." तिने हात पुढे केले. चिंध्यांतून पाणी झिरपत होते.

"चूप वं," ठकूबाई म्हणाली. "ताप चढला काय तुले?"

"सपनबी पडलं नव्हतं. थे खोटं होतं. देवीच्या नावावर आता आनखी खोटं नाही टाकत मी." मग ती नवऱ्याकडे वळली. "मावली पुन्हा धावून येईन का नाही, मले ठाऊक नाही. मी अठीच हावो. पोट्ट्यायच्या अंगाले हात लावाच्या आंधी थे ध्यानात ठेवाचं."

देवाजीने गुलाबरावांकडे पाहिले. गुलाबराव कपाच्या तळाशी काही शोधत होते. ठकूबाई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. कोणी मनकर्णाला गप्प बसवेल, याची देवाजीने वाट पाहिली.

"मंग येत्या शनवारी?" शेवटी तो म्हणाला. "आता त जानार नाहीस?"

"जाईन. लेकरायले डोंगरी आवडते."

"अन् मी?"

"तुमच्या उशाशी पानी ठेवून जाईन. ठकूबाई भाकर देईन."

दारात कवडू उभा होता, लोट्याची दोरी कमरेला बांधत. "माय, बाबाचा पाय बरा झाला की बाबा येईन आपल्यासंग?"

मनकर्णाने तोंड उघडण्याआधीच नलू म्हणाली, "नाही."