किल्ल्याच्या दारावरच्या ताई

"ते सगळं ठीक, पण माझ्याकडे चालेल का?"

कुठल्याही नव्या गोष्टीवर ताईंचं पहिलं वाक्य हेच. ऑफिसात कुणी मोबाईलवर नवं ॲप दाखवो, कुणी नवा खेळ सांगो, ताई मान तिरकी करून एवढंच विचारायच्या. एकदा कॅन्टीनवाल्याने पनीरची नवी भाजी आणली तेव्हाही सवयीने हेच तोंडातून गेलं, आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

याचं कारण त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मशीन जुनं. नवं विंडोज त्याला झेपेना, म्हणून ताईंनी व्हिडिओ बघून बघून त्यावर स्वतःच लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम चढवली. मशीन पुन्हा पळायला लागलं, पण निम्मी सॉफ्टवेअरं लिनक्सला ओळखच दाखवत नाहीत. खेळांचं तर विचारूच नका. आणि ताईंना वेड होतं ते नेमकं ऑनलाइन खेळाचं.

आम्ही दोघं भिवंडीजवळ पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये कामाला. ताई डिस्पॅच बघायच्या, मी गेटपास. भिवंडीत आमच्या बिल्डिंगी समोरासमोर, त्यामुळे शेअर रिक्षाही एकच. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, ट्रक ड्रायव्हरांना दमात घेणारी ही बाई घरी जाऊन काय करत असेल, याचा तुम्ही अंदाज बांधला असता तर तो माझ्यासारखाच चुकला असता.

एका रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. गाऊनवर ओढणी, अंबाड्यावर हेडफोन, अशा ताई बसलेल्या. पडद्यावर किल्ला आणि दारात ढाल घेतलेला सैनिक. "पीछे कोई नहीं जाएगा! गेट मैं देखती हूँ!" माल चुकीच्या गाडीत चढला की लागायचा, तोच आवाज. पाच जणांनी किल्ला राखायचा, समोरच्या पाच जणांनी तो घ्यायचा, असा तो खेळ. आपापल्या घरून खेळायचं आणि माइकवर बोलायचं.

अचानक सैनिक अर्धा भिंतीत घुसला आणि तिथेच थिजला.

"झोपला," ताई म्हणाल्या.

"कोण?"

"दुभाष्या. अरे, हा खेळ विंडोजची भाषा बोलतो, माझं मशीन लिनक्सची. मधे एक सॉफ्टवेअर बसवलंय, ते इकडचं तिकडे सांगतं. कधी कधी त्याला डुलकी लागते."

टीममधला एक जण बुरुजावरून दगड टाकायचा. त्याला ताई नावाने हाक मारत नसत. "बुरुजवाले, डावीकडे बघा." "बघतोय," हेडफोनमधून बाहेर झिरपायचं. बस, एवढंच. खेळ संपल्यावर मी विचारलं, हे कोण?

"माझा धाकटा भाऊ. वाडा रोडवर अंबाडीला असतो. आम्ही बोलत नाही."

"आत्ता तर बोललात!"

"ते खेळातलं."

वडील गेल्यावर आई कुणाकडे राहणार यावरून फाटलं होतं. दोघांनाही ती हवी होती. ताई ड्युटीवर असताना भाऊ आला आणि आईला अंबाडीला घेऊन गेला. ताई घरी येऊन बघतात तर आई नाही, खुंटीवरची तिची पिशवी नाही. फोनवर नको ते शब्द गेले आणि मग बोलणंच थांबलं. टीम मात्र भांडणाच्या आधीची. ती दोघांनीही सोडली नाही. आईला फोनवर धड ऐकू येत नसे. पण भावाच्या माइकमधून मागे कधी कुकरची शिट्टी यायची, कधी आईची हाक, "जेवून घे रं, भात निवतोय." ते कानावर पडलं की ताई टीमला सांगायच्या, "पाच मिनिटं थांबूया. लोकांना जेवायचं असतं."

मग खेळवाल्यांनी लबाडी पकडणारा पहारेकरी आणला. तेही सॉफ्टवेअरच, खेळणाऱ्याच्या मशीनमध्ये डोकावून कुणी चोरवाटा वापरतंय का ते बघायचं. त्याला ताईंकडे दुभाष्या दिसला. त्यालाच चोर समजून त्याने ताईंचं खातं बंद केलं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, लबाडीमुळे हकालपट्टी.

दुसऱ्या दिवशी राहनाळ गाव मागे पडलं तरी ताईंनी रिक्षावाल्याला एकदाही झापलं नाही. मग म्हणाल्या, "मला लबाड ठरवलं रे."

त्यांनी तक्रार केली. उत्तर आलं, तुमची सिस्टीम आमच्या यादीत नाही. ऑफिसात प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. नवं मशीन घ्या, मोबाईलवर खेळा. एक जण म्हणाला, "सोडा ना ताई, पोरांचा खेळ तो." ताईंनी अर्धा भरलेला डबा बंद केला.

मला वाटत होतं, किल्ला गेला म्हणून वाईट वाटतंय. रविवारी गेलो तर ताई बंद पडद्यासमोर हेडफोन हातात घेऊन बसलेल्या. "आज मटण असेल त्यांच्याकडे," म्हणाल्या. "शिट्ट्या जास्त होतात." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या मशीनवर उगाच खटपट करत होतो, तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. दारात एक धिप्पाड माणूस आला, हातात हेल्मेट. मला "जय भीम" केला आणि ताईंना म्हणाला, "माझ्यामुळं सोडलास का खेळ?"

"मी न्हाय सोडला! हाकललं मला. लबाड म्हनले!" भावासमोर ताईंची भाषा एकदम गावाकडे वळली.

"कोन म्हनला?" त्याचा चेहरा असा झाला की खेळवाला जिन्यात असता तर मीच त्याला मागच्या बाजूने पळवला असता.

मग तो मशीनपुढे बसला. "स्टार्ट कुठं हाय याच्यात?"

"बाजूला हो."

"दाखव तरी."

"हात लावू नको. तू सगळं न इचारता करतोस."

झालं. माउसवरून सुरू झालेलं भांडण आईच्या पिशवीपर्यंत गेलं. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत सटकलो. चहा उकळून काळा झाला तरी बाहेर चालूच. "इचारायचं तरी होतंस!" "इचारलं असतं तर पाठवली असतीस?" मग भावाचा आवाज खाली आला.

"आई इचारते, ताईचा आवाज का येत न्हाय."

"माझा आवाज तिला कुठं येत होता?"

"मी हेडफोन लावतच न्हाय. मोठा स्पीकर ठेवतो. ती खाटेवर बसून ऐकते. तू कुनाला झापलंस की लई खूश होते."

मी तो काळा चहा आणून ठेवला. दोघांनीही तो मुकाट्याने पिऊन टाकला.

त्याच दुपारी दोघांनी मिळून दुसरा खेळ शोधला, लिनक्सवर आपणहून धावणारा. जहाजाचा. एकाने सुकाणू धरायचं, एकाने शिडं, बाकीच्यांनी आत येणारं पाणी उपसायचं. टीममधले उरलेले तिघेही कुरकुरत जहाजावर चढले. किल्ल्याचं खातं मात्र कधीच उघडलं नाही. त्याचा विषय निघाला की ताई अजूनही तडकायच्या.

पुढे वाडा रोडच्या एका गोडाऊनमध्ये त्यांना काम मिळालं आणि अंबाडीत भावाच्याच गल्लीत त्यांनी खोली घेतली. आई सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर आता एक सभ्य गृहस्थ बसतात. ड्रायव्हर त्यांना अजिबात घाबरत नाहीत.

सामान गेलं त्या सकाळी मी खाली उतरलो होतो. गाद्या, भांडी, कपाट, सगळं टेम्पोच्या मागे चढलं. कॉम्प्युटर मात्र ताईंनी मागे ठेवू दिला नाही. ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळला.

"सावकाश जा, ताई."

"मला काय सांगतोस? याला सांग!"

टेम्पो सुटला. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत असतात, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तरी टेम्पो नाक्यावर वळेपर्यंत ताईंचं ऐकू येत होतं, "भैया, गड्ढा! गड्ढा देख के!"